फक्कीने आखलेलं घर

अनुजा घाडीगावकरला साइटवरचे लोक ताई म्हणत. ते तिला चालायचं. पण कुणी “ताई, जरा समजून घ्या ना” म्हणत काम अंगाबाहेर टाकायला लागला, की ती हातातली टेप मिटून म्हणायची, “आता मॅडम म्हण. आणि ती भिंत पाड.” भिंत पडायची. गिरगाव ते परळ या पट्ट्यातल्या मुकादमांत तिच्याबद्दल एवढंच बोललं जायचं, की बाई आवाज चढवत नाही, पण हटतही नाही.

ती वाढली परळला, चाळीतल्या एका खोलीत. वडील गुणाजी गिरणीत होते. गिरणी गेल्यावर एका बँकेच्या दारात वॉचमन म्हणून उभे राहिले. आईची खानावळ होती. जेवायला येणारे मेंबर एकेक करून कमी होत गेले, तरी तिने चूल थंड पडू दिली नाही. गुणाजींचा जीव मात्र कबड्डीत. चाळीमागच्या मोकळ्या जागेत मंडळाचे सामने असले की मैदान आखायचं काम त्यांच्याकडे असायचं. ते दोरी ताणून धरायचे आणि फ्रॉकमधली अनुजा चुन्याची फक्की सोडत दोरीच्या कडेने पुढे सरकायची. रेघ जरा हलली की ते ओरडायचे, “पुसून टाक ती. वाकड्या रेघेवरसून झगडे होतत.”

आर्किटेक्ट म्हणजे काय, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. “घरांची चित्रं काढायची असतात,” अनुजाने आईला सांगितलं. आई म्हणाली, “चित्रां काढून पॉट भरतला?” गुणाजींनी कुठूनशी एक फळी आणली, घासून गुळगुळीत केली आणि तिला ड्रॉइंगबोर्ड करून दिला. खोलीत तो मांडायला जागा नव्हती, म्हणून तो गॅलरीत निघायचा. येणारा-जाणारा थांबून बघायचा, दोन सूचना करायचा. “अगं, यात मोरी कुठाय?” हा प्रश्न तर सगळ्यांचाच. कॉलेजातल्या सरांनी कधी विचारला नसेल इतक्या वेळा तिला तो गॅलरीने विचारला, आणि तिच्या ड्रॉइंगमधली मोरी कधी चुकली नाही.

पदवी हातात पडल्यावर ती लागली अच्युत त्रिलोकेकरांच्या ऑफिसात. ठाकूरद्वारच्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, लाकडी जिना, उंच खिडक्या आणि आत पाच माणसं. त्रिलोकेकर पाठारे प्रभू. त्यांच्या घराण्याच्या एके काळी गिरगावात जागाच जागा होत्या. आता हा एक मजला उरला होता आणि काम नीटच झालं पाहिजे हा हट्ट. शाळांच्या इमारती, जुन्या घरांची दुरुस्ती, दादरच्या मंडईपुढचा रस्ता, असली कामं ते घ्यायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते कागदाला हात लावू देत नसत. अनुजालाही त्यांनी खाली पाठवलं. “जा, या गल्लीत लोक कुठे थांबतात ते बघून ये.”

ती संध्याकाळी वर आली. “सावली आणि टेकायला ओटा असेल तिथे थांबतात, सर. आणि बायका थांबतात त्या तिसऱ्या बाईला वाट देता येईल तिथे.”

त्रिलोकेकरांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. “उद्यापासून ये,” ते म्हणाले.

ती आली ती पंधराएक वर्षं येतच राहिली. ऑफिसची सून म्हणा, लेक म्हणा, सगळं तिच्यावर आलं. त्रिलोकेकर सत्तरीकडे झुकले तसे साइटवर ती जाऊ लागली आणि ते खिडकीशी बसून तिच्या ड्रॉइंगवर पेन्सिलीने खुणा करू लागले. दोघांचं भांडण व्हायचं ते जिन्याच्या पायरीवरून, खिडकीच्या उंचीवरून. माणसांवरून कधी झालं नव्हतं.

मग लालबागची हिराजी चाळ आली.

हिराजी चाळ म्हणजे समोरासमोर दोन लांब इमारती, प्रत्येकी तीन मजल्यांच्या, आणि मधे पटांगण. गॅलऱ्यांना टेकू लागलेले, पावसाळ्यात कुठला ना कुठला तुकडा खाली यायचाच. पाडून नवी बांधायची म्हणून भाडेकरू वर्षानुवर्षं बिल्डर शोधत होते. शेवटी एक मिळाला. चाळीच्या जागेवर भाडेकरूंना फुकट घरं द्यायची आणि उरलेल्या जागेत टॉवर बांधून विकायचा, असा सगळीकडे असतो तसा सौदा. भाडेकरूंचा विश्वास बसावा म्हणून बिल्डरने त्यांच्या पसंतीचा आर्किटेक्ट नेमायचं कबूल केलं, आणि चाळीच्या समितीने त्रिलोकेकरांचं नाव सुचवलं. ऑफिसच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम होतं ते.

अनुजाने त्यात जीव ओतला. दोन महिने ती चाळीत जात राहिली. कोण कुठे कपडे वाळत घालतं, म्हातारी माणसं कुठे बसतात, गणपतीची मूर्ती कुठून आत येते, सगळं बघितलं. मग तिने भाडेकरूंची इमारत काढली रस्त्याच्या बाजूला. प्रत्येक मजल्यावर एका कडेने रुंद, उघडा पॅसेज, गॅलरीसारखा. घरांची दारं त्यात उघडणारी. स्वयंपाकघरं पूर्वेला, समोर मोकळं. त्रिलोकेकरांनी तो प्लॅन बराच वेळ बघितला आणि त्यावर पेन्सिल टेकवलीच नाही. अनुजाला त्यापेक्षा मोठी शाबासकी नको होती.

बिल्डरनेही मान डोलावली. काही महिने गेले. मग एक दिवस बिल्डरचा पुतण्या राजस याने दोघांना लोअर परळच्या आपल्या ऑफिसात बोलावलं. राजस तिशीतला, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात मॅम घालणारा. टेबलावर मोठं मॉडेल मांडलेलं होतं. पुढे काचेसारखा चकचकणारा टॉवर, त्याच्या पायाशी बोटभर झाडं, निळा स्विमिंग पूल. टॉवरमागे गाड्या ठेवायचा सात मजली ठोकळा. आणि त्याच्या मागे, अगदी कुंपणाला चिकटून, एक करडा ठोकळा.

“हा कोण?” अनुजाने विचारलं.

“रिहॅब, मॅम. भाडेकरूंची बिल्डिंग. मार्केट बदललंय ना, टॉवर पुढे घेतला. सी-व्ह्यू मिळतो.”

“याला खिडक्या नाहीत.”

राजस हसला. “मॉडेलमध्ये आपण रिहॅबच्या खिडक्या दाखवत नाही, मॅम.”

“दाखवत नाही, की ठेवत नाही?”

तिने करडा ठोकळा आणि गाड्यांचा ठोकळा यांच्या फटीत बोट घालून बघितलं. करंगळी गेली. तर्जनी अडकली.

“स्वयंपाकघरांच्या खिडक्या या फटीत उघडणार? समोर सात मजले गाड्या? सगळा धूर फोडणीत.”

“एक्झॉस्ट फॅन देतोय ना प्रत्येकाला. आणि अंतराला नियमात सवलत मिळते, सगळेच घेतात. खरं सांगू मॅम, या लोकांना फक्त कारपेट एरिया हवा असतो. उजेडाबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.”

“कारण तुम्ही त्यांना कागद दाखवलात. कागदावर अंधार दिसत नाही.”

तिने पॅसेजबद्दल विचारलं. राजसने नवा प्लॅन पुढे केला. पॅसेज मधोमध गेला होता, दोन्ही बाजूंना घरं, दोन टोकांना बंद. दिवसाही दिवे लावल्याशिवाय शेजाऱ्याचं दार सापडणार नाही असा. “ड्रॉइंग तेवढी तुमच्या सहीने जातील,” राजस त्रिलोकेकरांना म्हणाला. “भाडेकरूंना तुमचं नाव माहितीय. त्यांची संमती घ्यायला सोपं पडेल.”

त्रिलोकेकर सबंध वेळ टॉवरच्या पायाशी असलेल्या झाडांकडे बघत होते. “कळवतो,” एवढंच म्हणाले.

ऑफिसात आल्यावर त्रिलोकेकर खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “कामाला लाग, अनुजा. पुढच्या आठवड्यात ड्रॉइंग द्यायची आहेत.”

“मी नाही करणार, सर.”

“ऑफिस करणार आहे.”

“मग माझ्या हाताशिवाय करेल. आणि मी गप्पही बसणार नाही.”

एवढं स्पष्ट ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. त्यांनी समजावायचा प्रयत्न केला. “आपण नाही म्हटलं तर दहा जण रांगेत उभे आहेत. ते याहून वाईट करतील. आपण केलं तर निदान दरवाजे तरी जागच्या जागी लागतील.”

“अंधारात दरवाजा जागच्या जागी असून काय करायचंय, सर?”

“तुला बोलायला सोपं आहे!” त्यांचा आवाज फाटला. “हे काम गेलं तर हे ऑफिस उरत नाही. मी म्हातारा आहे, माझं जाऊ दे. नूपुरला काय सांगणार आहेस? बाकीच्या दोघांना?”

अनुजाला ते लागलं, कारण ते खरं होतं. ती म्हणाली, “ते मला ठाऊक नाही. पण त्या चाळीतल्या बायका मला ओळखतात, सर. त्यांनी मला आपली स्वयंपाकघरं दाखवली. त्यांना विचारल्याशिवाय मी त्यांना कोंडणार नाही.”

“ऑफिसच्या नावावर काही करायचं नाही. बजावून ठेवतोय.”

“माझ्या नावावर करते.”

नूपुर ऑफिसातली सगळ्यात धाकटी आर्किटेक्ट. शेजारच्या टेबलावर बसून तिने सगळं ऐकलं होतं. अनुजा तिच्याजवळ गेली. “ऐकलंस ना? नोकरी जाईल तुझी, बहुतेक.”

“तू मला विचारून ठरवणार होतीस का, अनुजाताई?”

“नाही.”

“मग मला सांग, मोठी टेप तुझ्याकडेय की कपाटात?”

अनुजा आधी गेली ती कुशाबांकडे. कुशाबा चाळीच्या समितीचे सेक्रेटरी, गोदीतून निवृत्त झालेले. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा पुढे केला आणि मग तिच्या तोंडावर सांगितलं, “पोरी, तुझं शिक्षण बरोबर असेल. पण माझा मुलगा लग्न होऊन सहा वर्षं पडद्यामागे झोपतोय. आम्ही उजेड बघावा की घर बघावं?”

“दोन्ही बघा. दोन्ही मिळतं.”

“आणि बिल्डर पळाला तर? पहिला पळाला, दुसरा पळाला. तिसरा तुझ्यामुळे गेला तर या लोकांना जबाब कोण देणार?”

“मी देईन. पळणार नाही. परळला राहते, येऊन दारात उभे राहा.”

कुशाबांनी कप बाजूला सारला. त्यांचं मन तयार नव्हतं हे दिसत होतं. मग अनुजा म्हणाली, “सही करा, नाही तर करू नका, मी सांगणार नाही. फक्त सही करायच्या आधी एकदा त्या घरात उभे राहून बघा. रविवारी पटांगण द्या मला. एक सकाळ.”

“कुठल्या घरात उभं राहायचं? घर कुठाय अजून?”

“आणते,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती आणि नूपुर पटांगणात उतरल्या. चाळीच्या कबड्डी मंडळाकडून फक्कीच्या पिशव्या घेतल्या, दोरी घेतली. राजसने दिलेल्या प्लॅनमधलं एक घर अनुजाने जमिनीवर खऱ्या मापाने आखायला घेतलं. दारं, भिंती, मोरी, संडास, ओटा. आधी पोरं जमली, मग गॅलऱ्या भरल्या. कुणीतरी वरून ओरडलं, “ताई, कुठला सामना आहे?” हशा पिकला. अनुजाने मान वर केली नाही. वाकून रेघ सोडत राहिली, आणि तिच्या रेघा सरळ जात होत्या.

घर आखून झालं. “या,” ती म्हणाली. “दारातून या पण. भिंतीतून नको.”

लोक हसत आत शिरले. बैठकीची खोली ऐसपैस वाटली. चाळीतल्या खोलीपेक्षा मोठीच होती ती. “मस्त आहे की!” कुणी म्हणालं. एका बाईने आपला सोफा कुठे बसेल ते पावलांनी मापून बघितलं. कुशाबा गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं, बघ, यांना आवडलंय.

अनुजाने ते बघितलं आणि ती पुढच्या कामाला लागली. स्वयंपाकघराच्या बाहेर तिने फटीचं अंतर मोजलं आणि तिथे एक जाड रेघ ओढली. “इथून गाड्यांची भिंत. सात मजली. आता ती उभी करायची.” मंडळाच्या पोरांना तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी गणपतीच्या मंडपाचं जाड कापड आणलं. समोरासमोरच्या दोन्ही इमारतींच्या तिसऱ्या मजल्यांच्या कठड्यांना दोर बांधले आणि कापड वर चढवायला सुरुवात केली. पूर्वेचं ऊन पटांगणात तिरकं आलेलं होतं. कापड चढत गेलं तसं ते ऊन स्वयंपाकघराच्या चौकोनातून निघालं, ओट्यावरून सरकलं, मोरीवरून गेलं आणि संपलं. वर उजेड होता, आजूबाजूला उजेड होता. त्या फक्कीच्या घरात तेवढा नव्हता.

गॅलऱ्यांमधली माणसं कठड्यावरून वाकून बघू लागली.

“ही तीन मजल्यांची झाली,” अनुजा म्हणाली. “अजून चार मजले वर आहेत. माझ्याकडे एवढंच कापड होतं.”

मीराबाई म्हणून एक विधवा बाई तळमजल्यावर राहायच्या. पाच-सहा घरांचे डबे करायच्या. त्या येऊन त्या चौकोनात ओट्यापाशी उभ्या राहिल्या, पदर खोचून, जणू आत्ता भाजी टाकणार आहेत. समोरच्या कापडाकडे त्यांनी हात केला. पूर्ण लांबवायच्या आधीच बोटं कापडाला लागतील की काय असं वाटण्याइतकं ते जवळ होतं.

“आणि यामागे गाड्या?” त्यांनी विचारलं.

“हो. चालू होणाऱ्या, बंद होणाऱ्या. टॉवरवाल्यांच्या.”

“म्हणजे मी आयुष्यभर त्यांच्या मोटारींच्या बुडाशी स्वयंपाक करायचा?”

मग लोकांनी आपणहून बघायला सुरुवात केली. एकाने विचारलं, पॅसेज कुठाय. नूपुरने दाराबाहेर बंद पॅसेजच्या दोन रेघा ओढल्या. दोन माणसं समोरासमोरून आली आणि खांदे तिरके करून गेली. “माणूस गेला तर त्याला बाहेर कसं काढणार यातून?” म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं. त्यावर हसू आलं नाही कुणाला.

तेवढ्यात राजस आला. त्याला फोन गेला असणारच. पांढऱ्या बुटांनी तो फक्कीच्या भिंतीवरून सरळ आत आला आणि भिंत पुसली गेली.

“मॅम, हे काय चाललंय? कोणाच्या परवानगीने?”

“तुमचंच घर आहे. तुमच्या कागदावरून आखलंय. माप चुकलं असेल तर सांगा, ही टेप घ्या.”

तिने टेप पुढे धरली. त्याने घेतली नाही. “तुम्ही आमच्या आर्किटेक्ट आहात. आमच्या!”

“यांनी सरांचं नाव दिलं म्हणून तुमची झाले.”

“मी तुमच्यावर केस करीन. तुमचं लायसन्स घालवीन.”

“करा,” अनुजा म्हणाली. ती चौकोनातून हलली नाही. “आधी हे कापड आहे तसंच राहू द्या आणि यांना समजावून सांगा, की उजेडाबद्दल कुणीच विचारत नाही. मला सांगितलंत ना? यांना सांगा.”

राजसने वर बघितलं. तिन्ही मजल्यांवरून माणसं त्याच्याकडे बघत होती. मग कुशाबा जिना उतरून आले. ते भरभर चालत नसत, त्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं. ते घरात आले, दारातून आले, आणि राजसला म्हणाले, “साहेब, तुमचे बूट भिंतीत आहेत. बाहेर या. आपण नंतर बोलू. आज सह्या होणार नाहीत.”

सह्या त्या महिन्यात झाल्या नाहीत, त्या वर्षातही झाल्या नाहीत. बिल्डर रुसून बसला. त्रिलोकेकरांच्या ऑफिसातून काम गेलं ते दोन दिवसांत. त्यांनी अनुजाला बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, “तू उद्यापासून येऊ नकोस.” पंधरा वर्षांत त्यांनी तिच्यासमोर दार लावून घेतलं नव्हतं. तिने आपल्या पेन्सिली उचलल्या आणि लाकडी जिना उतरून आली. खाली गल्लीत आल्यावर मात्र तिला रडू फुटलं, आणि त्याचा तिला इतका राग आला की ती चर्नी रोडपर्यंत तरातरा चालत गेली. काही महिन्यांनी ते ऑफिस बंद झालं. नूपुर आणि अनुजाने परळला एका छपाईवाल्याच्या पोटमाळ्यावर टेबलं टाकली. बाकी दोघांना दुसरीकडे नोकऱ्या मिळाल्या; त्यातला एक आजही अनुजाचा फोन उचलत नाही.

हिराजी चाळीतही सगळे तिच्या बाजूचे नव्हते. पावसाळ्यात गॅलरीचा एक तुकडा पडला तेव्हा एका घरातल्यांनी तिला फोन करून तोंडाला येईल ते ऐकवलं. तिने फोन ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन टेकू बघून आली. आई म्हणाली, “कित्याक मरतंस त्यांच्यासाठी? ते तुका कोण लागतत?” अनुजा म्हणाली, “कोण नाय.” आणि जेवायला बसली.

राजसने धमकी खरी केली. क्लायंटचं नुकसान केलं म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार गेली आणि आर्किटेक्टांच्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या समितीपुढे तिला उभं राहावं लागलं. टेबलामागे तीन ज्येष्ठ आर्किटेक्ट होते. मधले म्हणाले, “लेखी माफी द्या, विषय संपवू. तरुण आहात, पुढे काम करायचंय तुम्हाला.”

“माफी कशाची, सर?”

“क्लायंटच्या विरुद्ध वागलात त्याची.”

“क्लायंट कोण, यावरच तर भांडण आहे. त्या घरात राजस राहणार नाहीये.”

“हे उर्मट उत्तर आहे.”

“असेल. पण माफी नाही देणार.”

तेव्हा मागचं दार उघडलं. त्रिलोकेकर आत आले, काठी टेकत, इस्त्रीच्या शर्टात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी उभ्यानेच सांगितलं, “मी अच्युत त्रिलोकेकर. पहिला प्लॅन माझ्या ऑफिसातून गेला. दुसऱ्यावर सही करायला मी तयार होतो, ही नव्हती. हिने जमिनीवर जे आखलं त्यात खोटं काही नव्हतं. मोजून बघितलं असतंत तरी तेच आलं असतं.” एवढं बोलून ते खुर्चीवर बसले.

समितीने ताकीद दिली. लायसन्स राहिलं.

बाहेर पायऱ्यांवर अनुजा त्यांचा हात धरायला पुढे झाली. त्यांनी तो धरू दिला. “तू बरोबर होतीस,” ते म्हणाले. “पण ऑफिस गेलं ते गेलं. मी तुला माफ केलेलं नाही.”

“चालेल, सर,” ती म्हणाली. त्यांना टॅक्सीत बसवून ती पोटमाळ्यावर कामाला गेली.

बिल्डर शेवटी परत आला. टॉवर विकायची घाई त्यालाच होती आणि सह्यांशिवाय चाळ हलत नव्हती. चाळीच्या समितीने या वेळी अटी घातल्या, आणि कुशाबांनी त्या बैठकीत टेबलावर हात आपटून वाचून दाखवल्या. नवा आर्किटेक्ट आला. भाडेकरूंची इमारत रस्त्याच्या बाजूला आली नाही, ती मागेच राहिली. पण गाड्यांचा ठोकळा बाजूला सरकला, खिडक्यांपुढचं अंतर दुपटीहून जास्त झालं आणि पॅसेज एका कडेला उघडा राहिला, अनुजाने काढला होता त्यापेक्षा अरुंद. कागदांवर तिचं नाव कुठेच नव्हतं. ते तिने मागितलंही नाही.

सगळे स्लॅब ओतून भिंती उभ्या राहिल्या तेव्हा भाडेकरूंना एक दिवस घरं बघायला सोडलं. मीराबाईंनी तिला हट्टाने बोलावलं. चौथ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये एक माणूस तिच्यासमोर आडवा आला. तिला त्याचा चेहरा आठवत होता. त्याचे वडील चाळ पाडल्यावर मिळालेल्या तात्पुरत्या जागेत, अँटॉप हिलला, वाट बघता बघता गेले होते.

“तुमच्यामुळे वर्ष गेलं,” तो म्हणाला. “माझ्या बापाने हे बघितलं असतं.”

मीराबाई काही बोलायला पुढे आल्या, पण अनुजाने त्यांना हाताने थांबवलं. बिल्डरने घालवलं असं ती म्हणू शकली असती. ते खोटंही नव्हतं.

“हो, गेलं,” ती म्हणाली. “तुमचे वडील आत नाहीत याला मी पण कारण आहे. ते मी नाकारणार नाही. पण उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. तुम्हाला मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या.”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडून शिवी आली नाही. तो आपल्या घरात शिरला. अनुजाला उघड्या दारातून तो स्वयंपाकघरात गेलेला दिसला. तिथे तो खिडकीपाशी उभा राहिला, पाठमोरा, बराच वेळ. त्याच्या खांद्यावर ऊन पडलेलं होतं. मग त्याने खिडकीची झडप ओढून बघितली. ती अडकत होती.

“ही झडप घासायला हवी,” अनुजा दारातूनच म्हणाली.

“मग सांगा ना कुणाला तरी,” तो मागे न वळता म्हणाला.

तिने पॅसेजच्या टोकाशी उभ्या असलेल्या सुपरवायझरला हाक मारली. तो तिला ओळखत नव्हता. “तुम्ही कोण, ताई?” त्याने विचारलं.

“मॅडम म्हण,” अनुजा म्हणाली, “आणि या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या उघडून दाखव.”